पावणेदोन भागिले अर्धा

सर,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. बारावीनंतर डी.एड. केलं, नोकरीला सोळा वर्षं झाली. दिवाळीनंतर तालुक्याला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पहिल्या दिवशी सुलभकांनी पडद्यावर सिंगापूरचे गुण दाखवले आणि सांगितलं, सराव वाढवा. दुसऱ्या दिवशी फिनलंड. तिथे म्हणे गृहपाठ नसतो, म्हणून आपणही बंद करा. तिसऱ्या दिवशी जपान. शिक्षकाने बोलायचं नाही, मुलांना शोधू द्यायचं. मी घरी आले ती डोकं धरूनच.

तरी जपानचं करून पाहिलं. आठवीला एक उदाहरण घातलं आणि गप्प बसले. पाच मिनिटांत मागच्या बाकांवर भेंड्या सुरू झाल्या. नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख भेटीला आले आणि शेरेबुकात 'वर्गनियंत्रण आवश्यक' असं लिहून गेले. मुख्याध्यापक म्हणतात अभ्यासक्रम मागे पडलाय. शिष्यवृत्तीच्या मुलांचे पालक म्हणतात जादा तास घ्या. सर, या परदेशी अभ्यासांचा माझ्यासारख्या साध्या डी.एड. बाईला खरंच काही उपयोग आहे का? की ते सगळं विसरून आपलं 'सूत्र लिहा, उदाहरण सोडवा' बरं?

– एक शिक्षिका

बाई,

पत्राखाली नाव नाही, म्हणून वर्गातली पोरं म्हणतात तसं बाईच म्हणतो.

आधी त्या तीन दिवसांचा निकाल लावू. तुम्हाला पडद्यावर जे दाखवलं ते निकालपत्रक होतं. दहावीला पहिल्या आलेल्या मुलाच्या घरी जाऊन 'हा सकाळी काय खातो' असं विचारावं आणि मग गावभर तेच खायला घालावं, तसा तो प्रकार झाला. टिम्स नावाची परीक्षा 1995 पासून दर चार वर्षांनी होते, चौथी आणि आठवीच्या मुलांची, गणित आणि विज्ञानाची. तिच्या मोजपट्टीचा मध्य 500 धरलेला आहे. 2019 साली सिंगापूरच्या आठवीला गणितात 616 मिळाले. पिसा ही वेगळी परीक्षा, पंधरा वर्षांच्या मुलांची, 2000 पासूनची. फिनलंडचं नाव झालं ते तिच्यात. 2003 साली गणितात फिनलंडला 544 होते. 2022 साली 484. म्हणजे ज्या फिनलंडच्या शिक्षणव्यवस्थेचं कौतुक तुम्हाला ऐकवलं, तिचे जवळजवळ वीस वर्षांत साठ गुण गेले. (आणि गृहपाठ तिथे नसतो असं नाही, कमी असतो.) स्लाइड जुनी असली की असं होतं. आपल्याकडे प्रशिक्षणाच्या स्लाइडा आईच्या लग्नातल्या पैठणीसारख्या पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

आपल्या देशाचं म्हणाल तर 2009 च्या पिसाच्या वाढीव फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश बसले. चौऱ्याहत्तर जागांच्या यादीत बहात्तर-त्र्याहत्तरावर आले. पुढच्या फेऱ्यांना आपण बसलोच नाही. पेपर अवघड गेला म्हणून परीक्षेलाच न जाणारा मुलगा प्रत्येक वर्गात एक असतो. तो आपण.

म्हणून क्रमांक सोडून द्या. तुमच्या उपयोगाचा अभ्यास दुसराच आहे, आणि तो तुम्हाला कुणी दाखवलेला दिसत नाही.

पहिल्या टिम्सच्या वेळी काही संशोधकांना वाटलं, मुलांचे गुण मोजतो आहोत, पण वर्गात काय चाललंय हे कुणी पाहिलंय? मग त्यांनी कॅमेरा घेतला. जेम्स स्टिगलर यांच्या पुढाकाराने जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांत आठवीचे 231 गणिताचे तास चित्रित झाले. आदर्श पाठ नव्हेत, चिठ्ठ्या टाकून निवडलेले रोजचे तास. मग मिनिट न मिनिट मोजलं. मुलं जागेवर बसून काम करत असताना त्यांचा वेळ कशात जातो? अमेरिकेत शेकडा 96 वेळ शिकवलेली रीत गिरवण्यात, जर्मनीत 89. जपानमध्ये 41. जपानी मुलांचा आणखी 44 टक्के वेळ नवी रीत शोधण्यात किंवा विचार करण्यात जात होता. अमेरिकेत हा आकडा एक टक्कासुद्धा नव्हता.

तुमच्या तिसऱ्या दिवसाचं मूळ हे. इथवर ऐकून सुलभक थांबले असणार. पण गोष्ट इथे संपत नाही.

1999 साली हाच उद्योग सात देशांत झाला. हाँगकाँग, चेक प्रजासत्ताक, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आणि जपानचे जुनेच तास. या वेळी प्रत्येक तासात घातलेलं प्रत्येक उदाहरण वेगळं काढून तपासलं. नुसती रीत वापरायची आहे, की दोन कल्पनांची सांगड घालायची आहे? हाँगकाँगचे आकडे पाहून बरेच जण चाट पडले. तिथे शेकडा 84 उदाहरणं रीत वापरायचीच होती. सांगड घालायची फक्त 13. शिक्षक भरपूर बोलणारे, मुलं मुकाट. म्हणजे आपल्याकडे ज्याला जुनं शिकवणं म्हणतात, ते. आणि परीक्षेत हाँगकाँग जपानच्या मांडीला मांडी लावून. अमेरिकेत सांगडीची उदाहरणं शेकडा 17 होती, हाँगकाँगपेक्षा जास्तच!

मग फरक कुठे पडला? उदाहरण घातल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत. संशोधकांनी पुढचा प्रश्न असा विचारला की सांगडीचं म्हणून घातलेलं उदाहरण शेवटपर्यंत तसंच राहिलं, की मध्येच त्याची रीत झाली? जपान आणि हाँगकाँगमध्ये अशी निम्म्याच्या आसपास उदाहरणं तशीच राहिली, चेकमध्ये निम्म्याहून थोडी अधिक. अमेरिकेत जवळजवळ शून्य. मुलं अडली, घुटमळली की शिक्षक पुढे सरसावायचे, 'अरे सोपं आहे, हे याने गुण, ते तिकडे ने' म्हणायचे, आणि अवघड उदाहरणाचं क्षणात सोपं होऊन जायचं.

बाई, हे वाचलं तेव्हा मला अमेरिका दिसली नाही, माझा वर्ग दिसला. तीस वर्षं मी हेच केलं. चांगलं उदाहरण घालायचो. पोरगा पेन चावत बसला की माझ्याच पोटात कालवायचं. वेळ निघून चाललाय, बाकीचे कुजबुजतायत. मग मी खडू उचलायचो. पोरगं सुटकेचा श्वास टाकायचं, मीही. विचार करायची पाळी त्याची होती, ती मी घेतली, आणि वर दोघंही खूश.

तुम्ही याच्या दुसऱ्या टोकाला गेलात. उदाहरण घातलं आणि गप्प बसलात. त्यात तुमचा दोष नाही, 'जपानी शिक्षक बोलत नाही' असंच तुम्हाला सांगितलं गेलं. ते चूक आहे. त्या चित्रफितींमधला भूमितीचा एक जपानी तास खूप गाजला. तो जसा झाला तसा सांगतो, कारण तो तुम्हाला जवळचा वाटेल. त्याचा विषय आहे शेताचा बांध.

शिक्षक तासाच्या सुरुवातीला काल काय झालं ते विचारतात. काल झालं होतं ते असं: एकच पाया घेऊन दोन समांतर रेषांमध्ये कितीही त्रिकोण काढले, शिरोबिंदू कुठेही सरकवला, तरी क्षेत्रफळ तेच राहतं. मग ते फळ्यावर दोन जमिनी काढतात. मधली हद्द सरळ नाही, कोपरातून वाकलेल्या हातासारखी मोडलेली. प्रश्न: ही हद्द सरळ करायची, पण कुणाचीही जमीन कमी-जास्त होता कामा नये. कशी कराल?

आधी मुलांना नुसता अंदाज करायला लावतात, इथून जाईल का, तिथून जाईल का. मग तीन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा. मग आणखी तीन मिनिटं, पण आता मोकळीक आहे. कुणी मित्राशी बोलावं, कुणी शिक्षकांकडे जावं, कुणी पुढे ठेवलेल्या सूचनांच्या चिठ्ठ्यांतली एक उचलावी. तेवढ्या वेळात शिक्षक रांगांमधून फिरतायत, कुणाच्या वहीत काय आहे ते बघतायत. नंतर मुलं फळ्यावर येतात, आपापली रीत मांडतात. मग पुढचा प्रश्न येतो: चौकोनाचा त्रिकोण करा, क्षेत्रफळ न बदलता.

यात शिक्षक गप्प कुठे आहे? तो आदल्या दिवसापासून कामाला लागलाय. कालचं प्रमेय आणि आजचा प्रश्न यांत हातभर अंतर ठेवलंय, पोराला उडी मारता येईल एवढंच. मुलं कुठे अडतील हे त्याला आधीच माहीत आहे, म्हणून तर चिठ्ठ्या तयार आहेत. तुमच्या आठवीच्या मुलांना ना कालचं प्रमेय हाताशी होतं, ना चिठ्ठ्या, ना घड्याळाची तीन मिनिटं. भेंड्या सुरू होणारच. मीही खेळलो असतो.

आता हाच तास तुमच्या वर्गात आणून बघा. फळ्यावर वरची एक हद्द काढा, खालची एक काढा. वरच्या रेषेवर अ, खालच्या रेषेवर क, आणि मध्ये उजवीकडे वाकलेला ब. अ-ब-क हा मोडका बांध. डावीकडचं शेत एका भावाचं, उजवीकडचं दुसऱ्याचं. बांधावरून झालेली भांडणं तुमच्या पोरांना पुस्तकातून शिकवायची गरज नाही, कोर्टाच्या तारखांसकट माहीत असतील. म्हणून 'कुणाचं गुंठाभरही जाता कामा नये' ही अट त्यांना लगेच पटेल. उत्तर तुम्हाला ठाऊक असेल, तरी लिहितो. अ आणि क जोडायचे. ब मधून अक ला समांतर रेषा काढायची, ती खालच्या हद्दीला जिथे भेटेल तो ड. अड हा नवा बांध. त्रिकोण अबक आणि त्रिकोण अडक यांचा पाया एकच, अक. उंचीही तीच, कारण ब आणि ड एकाच समांतर रेषेवर आहेत. पाया गुणिले उंची भागिले दोन, एवढं भांडवल आठवीला पुरतं. आणि गंमत म्हणजे उत्तर एकच नाही. समांतर रेषा वरच्या हद्दीला भेटवूनही बांध सरळ होतो. वर्गातलं एखादं पोर ते काढेल. बहुधा ते, जे शिष्यवृत्तीला बसलेलं नाही.

दोन चिठ्ठ्या तयार ठेवा. एकीवर लिहा, 'अ आणि क जोडून बघ, कुठला त्रिकोण दिसतो?' दुसरीवर, 'या त्रिकोणाचा कुठला बिंदू सरकवला तर क्षेत्रफळ बदलणार नाही?' मूल अडलं की उत्तर सांगू नका, चिठ्ठी द्या. अडलेल्याला मदतही झाली आणि विचाराची पाळी त्याचीच राहिली.

फळा मात्र पुसायचा नाही. जपानी शिक्षकांची ही सवय मला फार आवडते. फळ्यावर डावीकडे प्रश्न, मग मुलांच्या रीती एकीशेजारी एक, चुकलेलीसुद्धा, आणि उजवीकडे शेवटी काय ठरलं ते. मधूनच डुलकी काढून उठलेल्या मुलालाही फळा वाचून तास कळावा. आपण उदाहरण झालं की डस्टर फिरवतो. पुढच्या उदाहरणाला जागा हवी ना!

आता 'साधी डी.एड. बाई' याबद्दल. हे तुम्ही पत्रात लिहिलंत ते मला खटकलं.

लिपिंग मा नावाच्या बाई. स्वतः चीनमध्ये प्राथमिक शिक्षिका होत्या, पुढे अमेरिकेत संशोधन केलं, 1999 साली ते पुस्तकरूपाने आलं. त्यांनी अमेरिकेतल्या 23 आणि चीनमधल्या 72 प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखतींची तुलना केली. त्यातला एक प्रश्न: पावणेदोन भागिले अर्धा किती? आणि या भागाकारावर मुलांना सांगायला एक गोष्ट, एक प्रसंग तयार करा. चीनच्या सगळ्या 72 जणांना उत्तर आलं. अमेरिकेच्या निम्म्यांनाही धड आलं नाही. गोष्टीच्या वेळी तर आणखी मजा. चीनमधल्या दहापैकी नऊ जणांना बरोबर गोष्ट सुचली. अमेरिकेत एकीलाच. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी अर्ध्याने भागायच्या जागी दोनाने भागलं. पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटल्या तर प्रत्येकाला किती, अशा थाटाच्या गोष्टी.

आणि शिक्षण कुणाचं जास्त होतं? अमेरिकेतले सगळे पदवीधर. चीनमधले बहुतेक नववीपर्यंत शिकून पुढे दोन-तीन वर्षं अध्यापक विद्यालयात गेलेले. म्हणजे कागदावर तुमच्यापेक्षाही कमी. ते हे शिकले कुठे? शाळेतच. पाठ्यपुस्तक शब्द न शब्द वाचून, हे उदाहरण इथेच का दिलंय, आधी का नाही, यावर एकमेकांशी वाद घालून, वर्षानुवर्षं.

तुम्हीही करून बघा, पुढचं वाचण्याआधी. पावणेदोन भागिले अर्धा. गोष्ट सांगा.

मी सांगतो ती: पावणेदोन लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरची एक, अशा पिशव्या भरायच्या. किती भरतील? तीन भरतात आणि पाव लिटर उरतं. पाव लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या पिशवीची अर्धी. म्हणून साडेतीन. इथे मुलं हटकून म्हणतात, 'सर, तीन आणि पाव.' तेव्हा खडू उचलायचा नाही! पाव कशाचा? लिटरचा. आणि आपण मोजतोय काय? पिशव्या. या एका घोटाळ्यातून अपूर्णांकांचा निम्मा भागाकार उलगडतो. सहावीच्या वर्गात अनेक वर्षांपूर्वी एका मुलीने मला विचारलं होतं, 'सर, भागताना उलटं करून गुणायचं का?' मी म्हणालो, गुणाकार व्यस्त घ्यायचा, नियम आहे. ती बसली. ती बसली ते मला दिसलं, पण तास पुढे न्यायचा होता. 'लिटरमध्ये अर्ध्या किती बसतात? दोन. मग पावणेदोन लिटरमध्ये? पावणेदोनची दुप्पट.' एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. मला तेव्हा ते सुचलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. बी.एस्सी., बी.एड. होतो हो.

शिवाय हा प्रश्न मराठीत जितका जिभेवर येतो तितका इंग्रजीत येत नाही. आपल्याला पावणेदोन, दीड, सव्वा, अडीच, साडेतीन हे नुसते शब्द नाहीत, बाजारातली नाणी आहेत. आपल्या आजोबांना निमकी, पाऊणकी, दिडकी, म्हणजे अर्ध्याचे, पाऊणचे, दीडचे पाढे पाठ असायचे. हे हाताशी असताना वर्गात मात्र आपण 'एक पूर्णांक तीन छेद चार' म्हणतो. म्हणायचं तर म्हणा, पण एकदा पावणेदोनही म्हणा.

भाषेचं निघालंच आहे तर एक गोष्ट, तुमच्या खांद्यावरचं ओझं थोडं कमी करायला. सगळा फरक शिक्षकामुळे पडतो असंही नाही. चिनी किंवा जपानी मूल अकराला 'दहा-एक' म्हणतं, एकवीसला 'दोन-दहा-एक'. शब्दातच स्थानिक किंमत. चिनी आणि अमेरिकी लहान मुलांची मोजणी संशोधकांनी तपासली, तर दहापर्यंत दोघं बरोबरीने जातात आणि दहाच्या पुढे अमेरिकी मूल मागे पडतं, कारण तिथून इंग्रजी शब्द वाकडे होतात. आणि आपलं? एकोणतीस म्हणताना तीस ऐकायचे, दोन लिहायचे, नऊ लिहायचे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशीही वाचनाची सोय दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंनी परोपरीने समजावून सांगितलं की हे लहानांना सोपं जावं म्हणून आहे. विनोद फार झाले, विचार फारसा झाला नाही. तुमच्या सहावीत अजून 'सदुसष्ट' ऐकून 76 लिहिणारं एखादं पोर असेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी हे आठवा.

तसंच जपानच्या गुणांमागे संध्याकाळच्या शिकवण्याही आहेत, जुकू म्हणतात त्यांना. आणि तिथल्या मुलांना विचारलं, गणित आवडतं का, तर इतका गुणवान देश असूनही 'नाही' म्हणणारे खूप. तेव्हा जपान म्हणजे काही स्वर्ग नव्हे.

विज्ञानाबद्दल थोडक्यात. त्याही तासांचं चित्रीकरण झालं होतं, पाच देशांत. अमेरिकेच्या तासांत कृती भरपूर होत्या, पण कृतीतून कुठली कल्पना शिकायची हे बऱ्याच तासांत कुणी जोडूनच दिलं नाही. जपानमध्ये एका तासात कल्पना थोड्या, पण प्रयोगाच्या नोंदींवरून तिथवर पोचलेले. चेक मुलं फळ्यापाशी उभी राहून बोलायची. आपल्याकडे 'कृतियुक्त' शब्द आल्यापासून लिंबात तारा खुपसून दिवा लावतात, टाळ्या वाजतात, आणि 'दिवा का लागला' हा प्रश्न घंटेखाली सापडतो. तुमच्या प्रयोगांची संख्या निम्मी करा आणि उरलेल्या वेळात 'का' घ्या. मुख्याध्यापकांनी विचारलं तर माझं नाव सांगा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. एकटीने काय करायचं?

एकटीने करूच नका. जपानमध्ये जे चाललं ते एकेकट्या शिक्षकाच्या हुशारीवर नाही चाललं. त्यांच्याकडे ज्युग्यो केन्क्यू म्हणून प्रकार आहे, ज्युग्यो म्हणजे पाठ, केन्क्यू म्हणजे अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ निवडतात, तो आठवडेच्या आठवडे तयार करतात. प्रश्नात कुठला आकडा घ्यायचा, मुलं कुठली चूक करतील, फळ्यावर काय कुठे येईल. मग एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात. नंतर चर्चा. चर्चा पाठावर होते, शिकवणाऱ्यावर नाही, कारण पाठ सगळ्यांनी मिळून केलेला असतो.

आपल्याकडे हे होऊ शकतं का? महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची, शिक्षण परिषद असतेच. तिथे सध्या काय होतं, ते तुम्ही जाणता आणि मीही जाणतो. परिपत्रकं वाचली जातात, कुठली माहिती कुठल्या लिंकवर भरायची ते सांगितलं जातं, चहा होतो. जवळच्या शाळांतले आणखी दोन गणिताचे शिक्षक धरा. तिघं पुरे. केंद्रप्रमुखांकडे पाऊण तास मागा, फक्त पाऊण तास. आणि मागताना 'जपानी पद्धत' वगैरे म्हणू नका, 'एक नमुना पाठ दाखवतो' म्हणा. ज्यांनी 'वर्गनियंत्रण' लिहिलं, त्यांनाच बघायला बोलवा. मात्र एक अट आधीच सांगून ठेवा: बघणाऱ्याने शिक्षकाकडे नाही बघायचं, ठरवून दिलेल्या तीन मुलांच्या वह्यांकडे बघायचं. पेन कधी थांबलं, काय लिहून खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं, एवढं टिपायचं. हातात हे काम दिलं की शेरे मारायला कुणाला सवड होत नाही. मुलं विचार करताना आवाज करतात, हेही त्यांना वहीशेजारी उभं राहिल्यावरच दिसेल.

आणि तो तास चालू असताना दारावर कुणी येऊन 'बाई, पोषण आहाराची माहिती तातडीने पाठवा' म्हणणार नाही, एवढं बघायला सांगा. पहिल्या चित्रफितींत जपानच्या एकाही तासात बाहेरून व्यत्यय आला नव्हता. अमेरिकेच्या चारांतल्या किमान एका तासात आला होता. आपल्याकडे मोजलं तर काय निघेल, तो विषय नको.

अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती खरी आहे. म्हणून म्हणतो, महिन्यातून एक तास. बाकीचे तास तुम्ही आतापर्यंत शिकवत आलात तसेच शिकवा, सूत्र लिहा, सराव द्या. हाँगकाँगची मुलंही तेच करतात. फक्त त्या बाकीच्या तासांतही एक सवय लावा. उदाहरण घातलं, मूल अडलं, आणि तुमचा हात खडूकडे गेला, की मनात दहा मोजा. मला दहापर्यंत कधीच जमलं नाही, सहाला खडू उचलायचो. तुमचं बघा.

शिष्यवृत्तीच्या पालकांना जादा तास हवेत तर द्या एखादा, आणि त्यात बांधाचं उदाहरण घाला. बापांना आवडेल.

पहिला पाठ झाला की फळ्याचा फोटो काढून मला पाठवा. पुसायच्या आधी.